समोरच्याच घरात

कोकण रेल्वे नुकती सुरू झाली होती तेव्हाची गोष्ट. रत्नागिरीत आमच्या कॉलनीतल्या एका सरकारी अधिकाऱ्याने पांढरी पॉमेरियन कुत्री पाळली होती. तिला खरूज झाली, केस गळाले आणि एक दिवस ती दिसेनाशी झाली. "फाटक उघडं राहिलं, पळाली," असं त्याने सगळ्यांना सांगितलं. मी मात्र आदल्या दिवशी बसमधून येताना त्याला भाट्याच्या पुलावर पाहिलं होतं. स्कूटरवर होता, पायाशी कुत्री.

मी भाट्याला गेले. सुरूच्या बनात एका बंद टपरीमागे ती पडली होती. रिक्षावाला असलं खरजुलं जनावर घेईना, म्हणून ओढणीत गुंडाळून चालत निघाले. वाटभर त्या माणसाला शिव्या देत होते. तिला माहेरी शिरगावला ठेवलं. आईने करंजाचं तेल चोळून चोळून तिला तीन महिन्यांत पुन्हा पांढरीशुभ्र केलं.

गुहागरच्या मावसभावाने तिला लगेच मागितलं. त्याची नारळी-पोफळीची वाडी, भरपूर मोकळी जागा. पण मला ती त्या माणसाच्या डोळ्यांसमोर हवी होती. त्याच्या फाटकासमोर एक निवृत्त शिक्षिका एकट्या राहायच्या. मी कुत्री त्यांना दिली. कुत्रीचं भलं मी दुसऱ्या नंबरावर ठेवलं, हे कबूल करते.

पहिल्याच सकाळी त्याने स्कूटर बाहेर काढली आणि ती त्याच्यावर जी भुंकत सुटली! त्याने तिला ओळखलं. मग गॅलरीत उभ्या असलेल्या माझ्याकडे पाहिलं. मी हसले. त्या दिवसापासून तो मागच्या बोळाने जायला लागला. मला रोज सकाळी नव्याने बरं वाटायचं.

त्याच्या म्हाताऱ्या आईला यातलं काही ठाऊक नव्हतं. कुत्री परत येईल म्हणून ती परसदारी रोज दूधभात ठेवायची. एका दुपारी ती काठी टेकत रस्ता ओलांडून शिक्षिकांच्या ओट्यावर येऊन बसली. मीही तिथेच होते. कुत्रीने धावत येऊन तिच्या मांडीत डोकं खुपसलं.

"काय गो, ही आमचीच ना? पळालेली, ती कुठे सापडली?"

शिक्षिकांनी मला डोळ्यांनी खुणावलं, सांगू नको म्हणून. मी थांबले नाही.

"पळाली नव्हती, काकू. तुमच्या मुलाने तिला भाट्याला नेऊन सोडलं होतं."

म्हातारी कुत्रीला कुरवाळत राहिली. मग "बरं" म्हणाली आणि उठली. चार दिवसांत ती मुलीकडे चिपळूणला गेली, ती परत आलीच नाही.

तो माझ्या दारात आला. "आई तुमच्यामुळे घर सोडून गेली."

"मी त्यांना कुठे नेऊन सोडलं नाही," म्हटलं आणि दार लावून घेतलं. हे वाक्य मी किती दिवस मनात घोळवत होते!

पुढे चिपळूणला अनेकदा जाणं झालं. म्हातारीचा पत्ता मात्र कधी कुणाला विचारवला नाही.