चालू मशीनची पूजा

मिलमध्ये खंडेनवमीला आधी मशीन बंद करायचे, मग धुणं-पुसणं आणि मग कुंकू. चालू मशीनला कुंकू लावायचं नाही, असा नियमच होता, बरं का. आमचे हे परदेशीपुऱ्याच्या मिलमध्ये इंजिन खात्यात, तर त्या दिवशी मोठा खटका यांच्याच हातानं पडायचा. मी ताट घेऊन जायची. खटका पडला की अशी शांतता व्हायची ना, की आपलाच श्वास आपल्याला ऐकू यावा.

मग मिलच बंद पडली. कुणी टेम्पो चालवायला लागला, कुणी कचोरीचा ठेला लावला. हे घरीच. माझ्या शिलाई मशीनचं तेलपाणी करत बसायचे, रोज. इतकं तेल पाजलं त्या बिचारीला, की लोकांच्या ब्लाउजांना डाग पडायला लागले! बोलायची सोय नव्हती. मशीनशिवाय माणूस सुकतो, हे मी घरात बघत होते.

पुढे काही वर्षांनी पोलोग्राउंडला एका रिकाम्या शेडला रंग लावून कम्प्यूटरचं ऑफिस निघालं, परदेशातली कामं करणारं. तिथं जनरेटर आणि बॅटऱ्या सांभाळायला यांना ठेवलं. नोकरी कच्ची, पण यांची चाल बदलली.

एकदा मला दाखवायला घेऊन गेले. गच्चीवर पांढरी थाळी, आमच्या स्वयंपाकघराएवढी, आभाळाकडे तोंड करून.

मी म्हटलं, "अहो, याची तार कुठाय?"

"तार नाही."

"मग अमेरिकेत जातं कसं?"

"वर उपग्रह उभा आहे, तिथून."

"उभा आहे मतलब? कशावर?"

"आता तेवढं मला नको विचारू!"

आमच्या घरी फोनसाठी नंबर लावून सासरे गेले, तरी फोन आला नव्हता. आणि इथं परदेशीपुऱ्यापासून दोन पावलांवर, बिनतारेचं काम समुद्रापार जात होतं. मी त्या थाळीला गुपचूप हात जोडले.

खंडेनवमी आली, आणि त्याच दिवशी ऑफिसात दोन परदेशी पाहुणे. मोठं काम द्यायचं की नाही ते ठरवायला आलेले. इथली लाइन टिकते का, एवढंच त्यांना बघायचं होतं. नाही टिकली तर शेडला कुलूप, हे सगळ्यांना माहीत होतं. पाहुणे पुढच्या खोलीत चहा पीत होते. हे म्हणाले, "चल, तेवढ्यात पूजा आटपू." ज्या पेटीतून थाळीला सगळं जायचं, तिच्यासमोर मी ताट धरलं. यांनी पेटी पुसली, आणि मिलच्या सवयीनं खटका खाली केला.

शांतता झालीच नाही. पलीकडून कम्प्यूटरवर बसलेली पोरं ओरडली, "भिया, लिंक गई! किसने बंद किया?"

साहेब पुण्याचे, तरुण. धावतच आले, मागून पाहुणे. माझ्या हातातलं ताट बघून सगळं समजले. "काका, अहो, तुम्ही अमेरिकेलाच सुट्टी दिलीत!"

यांनी खटका वर केला. पण ती पेटी काही मिलच्या इंजिनासारखी लगेच धावणारी नव्हती. तिला आधी आभाळातला तो उपग्रह शोधावा लागतो म्हणे. लाल दिवा लुकलुकत राहिला. साहेब, गोरी बाई, म्हातारा गोरा, इंजिनियर पोरं, सगळे त्या मुगाएवढ्या दिव्याकडे बघत उभे. यांचा चेहरा मी बघितलाच नाही, हिंमत झाली नाही. एवढी शिकलेली माणसं, आणि सगळी वरून उत्तर यायची वाट बघतायत! मिलचं धुराडं मला तेव्हा एकदम ठेंगणं वाटलं.

दिवा हिरवा झाला.

म्हाताऱ्या गोऱ्यानं काहीतरी विचारलं. साहेब यांच्याकडे वळले, "काका, लाइन का गेली, विचारतायत."

"लाइन नाही गेली साहेब. मी बंद केली. आमच्याकडे आज मशीनला आराम असतो."

साहेबांनी तेच सांगितलं असावं, कारण बाई हसली. म्हातारा हसला नाही. त्यानं खटक्याकडे बोट दाखवून दोन शब्द सांगितले. मग दोघं पोरांकडे गेले, काम बघायला.

"काय म्हणाले?" यांनी साहेबांना विचारलं.

"म्हणाले, लाइन चांगली आहे, खटक्याला कुलूप लावा." साहेबांनी कपाळ पुसलं. "किल्ली माझ्याकडे राहील, काका. बाकी सगळं तुमच्याकडेच. उद्या वेळेवर या." दारातून परत वळून म्हणाले, "आणि पूजा करा. पण चालूच राहू दे."

यांनी कुंकवात बोट बुडवलं आणि तसेच थांबले. चालू मशीनला हात धजेना. "तूच लाव," म्हणाले.

मी लावलं. पेटी गरम होती, ताप आलेल्या लेकराच्या कपाळासारखी, आणि आत बारीक थरथर. माझ्या बोटाखालून त्या घडीला कुणाकुणाचं काय काय समुद्रापार चाललं होतं, देव जाणे. बोट उचलवेना.