रुसव्यासाठी धरलेले पैसे

समोर कागद आला की काका आधी पेन्सिल उलटी करायचे. तिचं एक टोक निळं, एक लाल. निळ्याने लिहायचं, लालने खोडायचं. लाल टोक पहिल्या ओळीवर टेकवून ते विचारायचे, "झिला, ह्यां कोणासाठी?"

"लोकांसाठी," असं उत्तर आलं की ती ओळ गेली.

विक्रोळीच्या ज्या कारखान्यात मी कारकून होतो, तिथे काका स्टोअरकीपर. खिळे, वॉशर, हातमोजे सांभाळणारा हा मालवणी माणूस जेवणाच्या सुट्टीत आमच्या घरच्या लग्नांची अंदाजपत्रकं करून द्यायचा. तुमच्याही ऑफिसात असा एखादा असेल. एरवी आपण त्याची टिंगल करतो आणि वेळ आली की त्याच्याच टेबलाशी उभे राहतो.

बँड खोडला जायचा, आइस्क्रीम खोडलं जायचं. "घोडो कित्याक? नवऱ्याक पाय नाय?" साखर रेशनवर, म्हणून शेजारच्या तीन कार्डांवरची साखर कधी मागून ठेवायची तेही लिहिलेलं असायचं. आणि सगळ्यात खाली, निळ्या टोकाने, ऐपतीप्रमाणे कमीजास्त: 'रुसवा – रु. १००.' मुलाकडचं कोणीतरी ऐन वेळी रुसणार, हे काका धरूनच चालायचे. "पण ह्यां कोणाक सांगू नको," ते बजावायचे. "सांगितलंस काय त्यांचां देणां झालां."

हिशेब जमला की फसला, हे ते एकाच गोष्टीवरून ठरवत. लग्नानंतर मुलीच्या आईच्या हातात पाटल्या आहेत का, एवढंच बघत.

त्यांच्या स्वतःच्या मुलीचं ठरलं तेव्हा याद्यांच्या बैठकीला त्यांनी मला नेलं. दोन्हीकडचं देणंघेणं कागदावर उतरवायचं होतं आणि माझं अक्षर चांगलं. अक्षराबरोबर माझं तोंडही येतं, हे बिचाऱ्यांच्या लक्षात आलं नाही.

बैठक कांजूरला, काकांच्या चाळीतल्या खोलीत. मुलाचा बाप कमी बोलणारा. सगळं सुरळीत चाललं होतं, पोहे आले होते, आणि इतका वेळ कोणी हसलं नव्हतं. हे मला सहन होत नाही. मी म्हणालो, "आमच्या काकांचं काम पक्कं असतं बरं का. तुम्ही रुसलात तरी चालेल. रुसव्याचे दोनशे वेगळे काढून ठेवलेत."

हशा झाला. मी खूश होऊन पोह्यांची दुसरी बशी घेतली. मुलाचा बाप तेवढा हसला नाही. "मग यादीत घाला ना," तो म्हणाला. "बाजूला कशाला ठेवता?"

यादी माझ्याच हातात होती. सुंदर अक्षरात मी लिहिलं, वरपित्यास रोख दोनशे. काकांची पेन्सिल त्यांच्या खिशात होती. त्यांनी ती काढली नाही.

लग्न मुलुंडला, शाळेच्या हॉलमध्ये. मुहूर्ताला अर्धा तास असताना निरोप आला की मुलाला घड्याळ आणि अंगठी हवी, तोवर मुलाचा बाप जानोशातून उठणार नाही. मी धावलो. "अहो, तुमचे दोनशे पोचले ना?"

"ते यादीतले," तो म्हणाला. "रुसवा वेगळा असतो. तुम्हीच सांगितलंत."

काकांकडे आता काही उरलं नव्हतं. पडद्यामागे काकी मनगटाला साबण लावून पाटल्या उतरवत होत्या. लवकर निघेनात. निघाल्यावर रुमालात बांधून त्यांनी माझ्याच हातात दिल्या. "तू मधलो ना? मग तूच नेऊन दी."

मी नेऊन दिल्या. त्या माणसाने तळहातावर दोनदा तोलल्या, मग उठला, पायांत वहाणा सरकवल्या.

त्यानंतर काकांनी कोणाचंही अंदाजपत्रक केलं नाही. मला चार शिव्या घातल्या असत्या तर मी त्या मिरवल्या असत्या. मी खिळे मागितले की ते खिळे द्यायचे, सही घ्यायचे, मान खाली घालायचे.

दोन वर्षांनी माझ्या बहिणीचं लग्न निघालं. पत्रिका आणि कोरा कागद घेऊन मी स्टोअरमध्ये गेलो. "काका, काकींना घेऊन नक्की या. आणि ह्यावर एकदा पेन्सिल फिरवा."

पत्रिका त्यांनी ठेवून घेतली. कागद परत सरकवला. "तुझां अक्षर चांगलां आसा. तूच लिही."

मीच लिहिलं. शेवटची ओळ, रुसवा, रुपये पंच्याहत्तर. ह्या खेपेला कोणालाही सांगितलं नाही, सख्ख्या आईलासुद्धा. आणि मुलाकडची माणसं इतकी भली निघाली की एकही जण रुसला नाही.

शेवटच्या पंगतीत काका-काकींची दोन पानं मी मांडून ठेवली होती. लोक हात धुऊन उठले, वरण गार झालं. वाढपी आला आणि त्या दोन पानांकडे बोट दाखवून म्हणाला, "साहेब, ही कोणासाठी?"

मी एकदा दाराकडे पाहिलं. त्याने पानं उचलली. पंच्याहत्तर रुपये माझ्या खिशात तसेच होते.