टाचा काढ, चुंबन ठेव

"कल्पनेच्या राज्यात सगळे समान असतात." हे वाक्य भाईंदर पश्चिमेला, एका सोसायटीच्या क्लबहाउसात, एसीखाली उच्चारलं गेलं. उच्चारणाऱ्या मॅडम तरुणांच्या फँटसी कथांचा संग्रह काढत होत्या. मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते, जवळच्याच मुर्धा गावाहून आले होते. माझी कथा त्यांनी सगळ्यांसमोर वाचायला घेतली. पहिल्यांदाच काही छापून येणार होतं.

कथेत एक राजकन्या आणि मिठागरात राबणारी एकजण. दोघी प्रेमात पडतात.

"दोन बायका! किती धाडसी!" मॅडम म्हणाल्या. टाळ्या झाल्या. त्या मॅडमनीच घेतल्या.

मग तो प्रसंग आला. राजकन्या दिव्यावर कोकमाचं तेल वितळवते, मीठवालीच्या फुटलेल्या टाचांना चोळते. त्यानंतर चुंबन.

मॅडमनी कागद नाकापासून लांब धरला.

"ई! टाचा? रोमान्समध्ये?"

सगळे हसले.

"टाचा काढ, चुंबन ठेव. आणि मीठवाली नको गं. शेवटी कळू दे, की ती हरवलेली राजकन्याच आहे. वाचकांना बरं वाटतं."

मीही हसले. ते मला अजून माफ करता आलेलं नाही.

कारण त्या टाचा कल्पनेतल्या नव्हत्या. आई लग्नाआधी मिठागरात जायची. संध्याकाळी ती आणि तिची मैत्रीण एकमेकींच्या भेगांत तेल भरायच्या. "आज न्हाय भरलंस त उद्या चालशील कशी गो?" एवढंच बोलणं. फँटसीतलं प्रेम मी ढीगभर वाचलंय. शाप, तलवारी, चांदणं. कुणी कुणाचा पाय हातात घेत नाही. नायिकेच्या मैत्रिणीला तर एकच काम असतं, वेळेवर मरायचं.

"रविवारपर्यंत दुरुस्त करून पाठव हं."

"ती हरवलेली नाही, मॅडम. तिला आई आहे."

"अगं, तुझ्याच भल्याचं सांगतेय."

"कागद द्या माझे."

घेतले. त्यानंतर मी लिहिलेली प्रत्येक मीठवाली मीठवालीच राहिली, टाचांसकट. पुढेही राहील. राजकन्येला जमत नसेल तर तिने दुसरी बघावी.

संग्रह निघाला. अकरा कथा, अकरा हरवलेल्या राजकन्या. प्रकाशनाला मी गेले होते. बटाटेवड्यात मीठ नव्हतं.