मास्तरांची चौथी ओळ आणि छत्री

नायगावपासून विरारपर्यंत अशी एकही पाटी नसेल जिच्यावर आमच्या मास्तरांनी निदान मनातल्या मनात लाल रेघ मारलेली नाही. दुसऱ्याची चूक सापडली की या माणसाचा दिवस सोन्याचा जातो. खिशात कायम लाल पेन्सिल, हातात बाराही महिने छत्री आणि डोळ्यांत नापास करायची तयारी. माझ्या लग्नाची पत्रिका मी त्यांना स्वतः नेऊन दिली होती. चार दिवसांनी ती पोस्टाने परत आली. सात चुका दुरुस्त केलेल्या आणि खाली बारीक अक्षरात ‘सुखी व्हा’. सासरच्यांनी छापलेली पत्रिका होती म्हणून मला तेव्हा आनंदच झाला, पण तत्त्वाचा प्रश्न म्हणून मी रागावलो.

तसा मी त्यांच्यावर सातवीपासून रागावलेला आहे. माझे वडील पूर्वेच्या खाणीत दगड फोडायचे. शाळेच्या हस्तलिखितासाठी मी त्यांच्यावर कविता केली होती आणि तिच्यात ‘वडील माझे सुखात राहती, दगड फोडुनी गाणी गाती’ अशी ओळ होती. मास्तरांनी ती लाल पेन्सिलीने खोडली आणि समासात लिहिलं, ‘यमकासाठी खोटं लिहू नये.’ वडील गात नव्हते, खोकत होते, हे मलाही ठाऊक होतं. पण कविता हस्तलिखितात गेली नाही ती गेलीच नाही. पुढे मी छिन्नी धरली, शून्यातून दगडाचा धंदा उभा केला, नायगावला स्वतःची शेड घातली, तुळिंजला घर घेतलं. खाणमालकापासून बिल्डरपर्यंत सगळ्यांशी घासाघीस करून जिंकलो. ती लाल रेघ मात्र जिथल्या तिथे राहिली.

घासाघिशीत मला हरवणारं माणूस एकच, ते म्हणजे मास्तरांची बायको. वाडीतले वाल, अळू, केळी घेऊन बाजारात बसायची आणि तिथून तिचा आवाज रिक्षा स्टँडपर्यंत जायचा. स्वयंपाकाच्या ओट्यासाठी माझ्याकडे ग्रॅनाइट घ्यायला आली तेव्हा मी भाव सांगितला, तर म्हणाली, “काय रे शेठ, दगड विकतोस की दागिना?” तासाभराने ती माझ्याच भावात माझ्याकडूनच सिंकचं भोक, कडांचं पॉलिश आणि टेंपो फुकट घेऊन गेली. मास्तर तेवढा वेळ शेडमधल्या नावाच्या पाट्या तपासत उभे होते. टेंपो निघाला तशी ती पुढच्या सीटवरून मागे ओरडली, “अहो, छत्री! छत्री राहिली! डोकं तरी आणलंय ना सोबत?” मास्तर निमूट मागे आले आणि छत्री घेऊन गेले. अख्ख्या शाळेला कापरं भरवणारा माणूस एका हाकेत एवढासा झालेला पाहून मला फार बरं वाटलं होतं.

ती वारली त्याच्या दुसऱ्या महिन्यात मास्तर माझ्याकडे आले. म्हणाले, “तिच्या कबरीसाठी दगड हवाय. काळा. वर चार ओळी कोरायच्या. माझ्याच.” मी शेडमधली सगळ्यात चांगली लादी काढली. मास्तरांनी भावच केला नाही. सांगितला तो मान्य! समोरचा भांडत नसेल तर धंद्यात कसली चव? मी चिडून आपणहून भाव कमी केला. आयुष्यात पहिल्यांदा.

ओळी तीनच आल्या. चौथी ‘उद्या देतो’ म्हणाले. महिना गेला. पहिल्या वर्षीचा मृतांचा दिवस आला. त्या दिवशी गावातली सगळी घरं चर्चमागच्या दफनभूमीत जातात, आपापल्या माणसांच्या जागा फुलांनी सजवतात आणि फादर येऊन त्यांना आशीर्वाद देतात. सगळीकडे नावाचे दगड आणि मास्तरांच्या बायकोच्या डोक्याशी लाकडी क्रूस. मला लाज वाटली. दगड माझ्याकडे अडलेला होता आणि लोक तर म्हणणारच की शेठने रखडवला. त्या तिरीमिरीत मी शेडवर गेलो आणि तीन ओळी स्वतःच्या हाताने कोरून टाकल्या. म्हटलं, दगडावर आलं की मास्तरांना चौथी द्यावीच लागेल. तीसपस्तीस वर्षं दगड कोरणाऱ्याला एवढं कळायला हवं होतं की कागद दुरुस्त होतो, ग्रॅनाइट नाही. आता पहिल्या तीन ओळींत काना-मात्रा हलवायची सोय उरली नाही. मास्तर लादी पाहून म्हणाले, “दार लावून घेतलंस की रे माझं.”

ओळी अशा होत्या:

घंटेआधी उठायचीस तू, विहीर जागी करायचीस तू
वाडीमधल्या वेलींनाही हाक मारुनी फिरायचीस तू
आता अंगण झाडतो मी, पाने वेचत बसतो मी

त्यानंतर मास्तर रोज अकरा वाजता बसने येऊ लागले. लादीसमोर एक रिकामा डबा उलटा टाकून बसायचे, कोऱ्या जागेवर बोट फिरवायचे, चिठ्ठीवर काहीतरी लिहायचे, लाल पेन्सिलीने खोडायचे. “मी हरणार नाही,” असं मला बजावायचे, जणू मीच त्यांची ओळ लपवून ठेवली होती. ओळ यावी म्हणून त्यांनी काय केलं नाही! महिनाभर मासे सोडले, मग कुणीतरी सांगितलं म्हणून महिनाभर मासेच खाल्ले. डाव्या हाताने लिहून पाहिलं. बावखलाच्या काठावर, म्हणजे गावच्या तळ्यापाशी, पाण्याकडे पाठ करून बसले. घरी जाताना रोज छत्री विसरायचे. फाटकापर्यंत जायचे, तिथे मिनिटभर नुसते उभे राहायचे आणि मग आपणच परत यायचे. मला छत्री दिसत असायची, पण मी कधी हाक मारली नाही. घाला म्हटलं हेलपाटा. सातवीतलं व्याज.

दरम्यान त्यांनी माझी गिऱ्हाइकं पळवून लावायला सुरुवात केली. एक कुटुंब आजोबांच्या दगडावर ‘शांत सागर’ कोरायला आलं, तर मास्तर डब्यावरून म्हणाले, “खोटं आहे. तुमच्या आजोबांना मी ओळखत होतो. बांधाच्या भांडणात त्यांनी माझ्या काकांवर कोयता उगारला होता.” ते लोक उठून गेले. मी एवढा भडकलो की हातातली छिन्नी आपटली. “मास्तर, दुसऱ्यांच्या ओळी खोडता, मग स्वतःची एक पुरी करा ना! मृतांचा दिवस परत आठवड्यावर आला. तुमच्या बायकोच्या क्रूसावरचा रंग पावसाने गेलाय. नाव वाचता येत नाही, बघून आलोय मी.”

 मास्तरांनी खिशातून चिठ्ठी काढून पुढे केली. तिच्यावर होतं, ‘शांत तुझ्या त्या स्मृतिदिव्याने वाट उजळुनी चालतो मी’.

मी त्यांच्याच खिशातली लाल पेन्सिल काढली आणि ओळीवर आडवी रेघ मारली. “यमकासाठी खोटं लिहू नये. शांत? तुमची बायको? बाजारात तिच्या आवाजाने कावळे उडायचे!”

मास्तरांचा चेहरा उतरला. मान खाली घालून ते गप्प बसले, आणि गप्प गिऱ्हाइकाचा मला मोठा अनुभव आहे. गिऱ्हाईक तोंड उघडत नसेल तर असा अचाट भाव सांगायचा की त्याला भांडावंच लागेल. म्हटलं, “मी सांगतो ओळ. ‘देवाघरी तू सुखात आणिक इकडे मजेत राहतो मी’. कोरू?”

“मजेत?” मास्तर डब्यावरून उठलेच. “कोण मजेत? गाढवा, मजेत?”

“मग काय करता घरी?”

“चुका करतो! ओला टॉवेल पलंगावर टाकतो. दूध गॅसवर ठेवून बाहेर जातो. स्वयंपाकघराचं दार उघडं टाकतो, मांजर येतं.”

“म्हातारपणी विसरायला होतंच.”

“विसरत नाही मी,” मास्तर म्हणाले. आवाज एकदम खाली आला होता. “एकही गोष्ट विसरत नाही.”

मी त्यांच्याकडे पाहिलं, मग लादीला टेकवून ठेवलेल्या छत्रीकडे. मास्तर परत डब्यावर बसले. चिठ्ठी उलटी करून त्यांनी एका दमात लिहिलं, वाचलं आणि माझ्यापुढे धरलं. लाल पेन्सिल माझ्याच हातात होती. मी ती त्यांच्या खिशात परत ठेवली.

तू ओरडशील म्हणून अजून मुद्दाम थोडा चुकतो मी

तीन दिवस मी दुसरं काम घेतलं नाही. कोरताना मास्तर शेजारी बसून होते, तेव्हा सहज विचारावं तसं विचारलं, “सातवीत तुम्ही माझी ओळ खोडली होती, आठवतं?” अजिबात आठवत नव्हतं! एवढी वर्षं मी जपलेली गोष्ट! मी ओळ म्हणून दाखवली. त्यांनी विचारलं, “गायचे का रे वडील?” मी म्हटलं, “नाही.” “मग बरोबर खोडली,” मास्तर म्हणाले. थोड्या वेळाने विचारलं, “काय करायचे मग?” मी सांगितलं. “ते लिहायचं होतंस,” एवढंच म्हणाले.

मृतांच्या दिवशी सकाळी आम्ही दगड बसवला. मास्तरांनी वाडीतली झेंडूची फुलं आणली होती. फादर आशीर्वाद देऊन पुढच्या रांगेकडे गेले. मास्तरांनी चारही ओळी बोटाने एकदा वाचल्या, एकही चूक सापडली नाही, आणि ते फाटकाकडे चालू लागले. छत्री दगडाशीच होती.

फाटकापाशी ते थांबले, रोजच्यासारखे.

मी छत्री उचलली आणि पोटातून सगळा आवाज काढून ओरडलो, “अहो मास्तर! छत्री! डोकं तरी आणलंय ना सोबत?”

फुलं वाहणारी माणसं चमकून माझ्याकडे बघायला लागली. मास्तर मात्र लगेच वळले नाहीत. पाठमोरेच उभे राहिले, थोडा वेळ.