कट्ट्यावरचं पोतं

शुक्रवार पेठेत आमच्या घराखाली दोन गाळे आहेत. एकात माझं दूध-अंड्यांचं दुकान, दुसऱ्यात अझीमचा फोटो स्टुडिओ. मी, म्हणजे प्रियदर्शनी, आणि अझीम दिवसातून दोनदा भांडलो नाही तर गल्लीला चुकल्याचुकल्यासारखं होतं. आता भांडू नको तर काय करू? चांगला अडतीस वर्षांचा माणूस, दिवसभर लग्नाबारशाचे फोटो काढतो आणि रात्री एक वाजता कॅमेऱ्याचा स्टँड खांद्यावर टाकून बाहेर पडतो. कशाला, तर रिकाम्या रस्त्यांचे फोटो काढायला! रिकामा बिंदू चौक, रिकामा महाद्वार रोड, बंद शटरं, एकटा जळणारा दिवा.

“अरे, फोटोत माणूस तरी असू दे की,” मी म्हणायची. “कुत्र्याला पण हाकलतोस म्हणं?”

“ताई, दिवसभर ‘मामा, हात खाली’, ‘वैनी, हसा की जरा’ म्हणून घसा बसतोय. रात्री गाव कसं गप उभं ऱ्हातंय बघा. त्येला हसा म्हणायला लागत न्हाय.”

लॉकडाउनात त्याला हा नाद लागला. स्टुडिओ बंद, हाताला काम नाही, गच्चीवरून बघावं तर रस्त्यावर चिटपाखरू नाही. भ्यायचं सोडून हा पठ्ठ्या प्रेमात पडला. पुढं गाव उघडलं, गर्दी आली, पण याची रिकाम्या गावाची भूक काही गेली नाही. एकदा मला समजावून सांगत होता. रात्री कॅमेरा अर्धा मिनिट उघडा ठेवायचा. त्यातनं चालत गेलेला माणूस फोटोत उमटतच नाही. हलत नाही तेवढंच उमटतं. आणि हलणारा उजेड असला तर त्याची रेघ उमटते.

“म्हंजे माणसं असून नसल्यासारखी,” मी म्हटलं. “बरंय बाबा तुझं.”

गंगावेशीचा फोटो मात्र त्याला साधत नव्हता. तिथल्या दूधकट्ट्यावर संध्याकाळी म्हशी उभ्या असतात, गिऱ्हाइकासमोर धार काढतात आणि फेसाचा पेला तसाच हातात देतात. रात्री सगळं पांगलं की अझीम जायचा. एके दिवशी दुकानात येऊन तणतणला, “ताई, कट्ट्यावर कोण रोज पोतं ठेवतंय? दोनच्या सुमाराला बघावं तर हाय तिथंच. माझ्या फोटोची माती करतंय.”

“मग उचलून ठेव की बाजूला.”

“न्हाय हो. दुसऱ्याच्या मालाला हात लावायचा न्हाय, अब्बांची शिकवण हाय.”

त्याचे अब्बा म्हणजे मीरासाब चाचा, स्टुडिओ त्यांनीच काढलेला. मी पोट धरून हसले. हसले, हे आठवलं की अजून स्वतःचीच लाज वाटते.

आता माझ्या वडिलांचं सांगते. आण्णांनी चाळीस वर्षं त्याच कट्ट्यावर म्हशी उभ्या केल्या. तीन वर्षांपूर्वी डोक्यातलं एकेक पुसायला लागलं. धार काढून झालेल्या म्हशीखाली पुन्हा जाऊन बसायचे. मग शेवटची म्हैस, चंद्री, उत्तरेश्वर पेठेतल्या चिमणाबाईंना विकली. हल्ली आण्णा कधी कधी मला गिऱ्हाईक समजतात. “बाई, फेस खाली बसू द्या, मग न्या,” म्हणतात. मी आत जाऊन रडते आणि बाहेर येऊन अंडी मोजते.

मग श्रावणात एके दिवशी, पहाटे साडेचारला दुधाची गाडी यायची म्हणून मी उठले. बघते तर आण्णांचं अंथरूण रिकामं. दाराची कडी उघडी. त्यांचं घोंगडं नाही, बॅटरी नाही. माझे मिस्टर रात्रपाळीला. मी चप्पल न घालताच घाटाकडं पळाले, कारण मनात दुसरं काही आलंच नाही. पंचगंगेचं पाणी वरच्या पायऱ्यांना लागलेलं. अंधारात नुसता पाण्याचा आवाज. मी “आण्णाऽ” म्हणून ओरडत होते आणि ओरडता ओरडता नदीला शिव्या देत होते. गल्लीतली चार माणसं मागोमाग आली. कुणी म्हणालं पोलिसात जाऊ, कुणी म्हणालं नाववाल्याला उठवू.

तेवढ्यात, आण्णा घोंगडं घेऊन गेलेत हे ऐकून अझीम धापा टाकत आला. हातात कॅमेरा.

“ताई, हे बघा.”

“माझा बाप हरवलाय आणि तू फोटो दाखवतोस? लाज न्हाय वाटत?” माझा हात उठला होता त्याच्यावर. खोटं कशाला सांगू?

तो हलला नाही. म्हणाला, “ताई, ते पोतं चालत गेलंय.”

त्यानं पडदा माझ्यापुढं धरला. दोन वाजून दहा मिनिटं. गंगावेशीचा कट्टा, आणि त्यावर ते पोतं. पोतं कसलं? डोक्यावरून घोंगडं घेतलेला माणूस! एवढा वेळ हालचाल न करता बसायची सवय कट्ट्यावरच्या गवळ्यालाच असणार. रोज रात्री माझा बाप तिथं गिऱ्हाइकांची वाट बघत बसत होता आणि उजाडायच्या आत परत येऊन झोपत होता. मला पत्ता नव्हता.

दुसरा फोटो सव्वादोनचा. कट्टा रिकामा. कट्ट्यापासून रस्त्यापलीकडं उजेडाची एक रेघ गेलेली.

“मी पायरीवर डोळं मिटून आकडं मोजत बसतो, ताई. उघडून बघितलं तर पोतं गेलेलं. मला एवढा आनंद झाला! मला वाटलं, कुणी बॅटरीवाला आला आणि त्येनं उचललं. आठ महिन्यांनी रिकामी गंगावेस मिळाली म्हणून मी नाचलो हो तिथं.”

मी रेघेकडं बघत राहिले. सरळ नव्हती. शिकाऊ पोरीनं घातलेल्या धावदोऱ्यासारखी वर, खाली, वर, खाली. आण्णांचा डावा पाय म्हशीनं तुडवलाय, ते तसेच चालतात. आणि रेघ घाटाकडं वळली नव्हती. उत्तरेश्वर पेठेच्या बोळात शिरली होती.

“नदीकडं न्हाय गेलं!” मी एवढ्या जोरात ओरडले की पलीकडच्या देवळातले गुरव बाहेर आले.

अझीमच्या स्कूटरवर बसून आम्ही त्या बोळात गेलो. चिमणाबाईंच्या गोठ्यात दिवा जळत होता. दारात आण्णा गुडघ्यापर्यंत शेणामातीत, हातात चहाचा कप. त्यांच्यामागं चंद्री, आणि चंद्रीच्या पोटाशी ओलंचिंब रेडकू उभं राहायला धडपडत होतं.

चिमणाबाईंनीच सगळं सांगितलं. “माणसं समदी कबनूरला गेल्यात. मी एकटीच. मध्यरात्री म्हस अडली, हंबरायला लागली. मला काय सुधरंना. तवर दार वाजलं. ह्ये दारात! म्हणं, ‘माझी चंद्री वरडतीया, कट्ट्यापतोर ऐकू आलं, सरका.’ हात घालून रेडकू सरळ केलं बघा. म्हशीचा सौदा आमच्या माणसांनी केलेला, मला ह्यांचं घर ठावं न्हाय. इचारलं तर ह्यांनाबी सांगता येईना, म्हणून म्हटलं, उजाडल्यावर कुणी वळखीचं भेटंल.”

मला आण्णांच्या गळ्यात पडून रडायचं होतं आणि त्यांना बदडायचंही होतं. मी दोन्ही केलं. पाठीवर चार चापट्या मारल्या आणि तिथंच शेणात बसले. किती हलकं वाटलं म्हणून सांगू! श्वास पोटापर्यंत जात होता.

आण्णांनी मला नीट न्याहाळलं. “बाई, चीक हाय. खरवस करा पोरांस्नी,” म्हणाले आणि चरवी पुढं केली. नाव नाहीच आठवलं. नसू दे.

घरी आल्यावर मी कुलूप आणलं. दुसऱ्या रात्री आण्णा दारावर डोकं आपटायला लागले, तेव्हा मीच ते काढून टाकलं. अझीम म्हणाला, “ताई, जाऊ देत. मी तर जातोयच की. येताना आणतो.”

तेव्हापासून रोज रात्री दोननंतर माझा मोबाइल वाजतो. अझीमचा फोटो येतो: रिकामा रस्ता, कट्टा, आणि खाली एकच ओळ, “पोतं जागेवर हाय.” ती वाचते आणि कुशीवर वळते.

काल फोटो आला, पण ओळ नव्हती. उठून बसले, दिवा लावला, चष्मा लावून बघितलं. कॅमेरा आपोआप फोटो काढेल असा ठेवून अझीम स्वतःच जाऊन बसला होता. त्या सगळ्या सुनसान गंगावेशीत, कट्ट्यावर, एका घोंगड्याखाली दोन पोती होती.