अमेरिकेस सप्रेम भेट

अमेरिकेचा कारभार आर्वी तालुक्यात बसून सुधारण्याचा अखंड प्रयत्न ज्या एकाच माणसाने केला, ते माझे सासरे. अमेरिकेने त्यांचं ऐकलं नाही, यात नुकसान अमेरिकेचंच झालं असं ते म्हणत, आणि आता मीही तसंच म्हणतो. रोहण्याच्या अलीकडच्या एका गावात त्यांचं भांड्यांचं दुकान होतं. सकाळी नागपूरचा पेपर आला की ओट्यावर मंडळी जमायची आणि सासरे भांड्यांवर नावं टाकायचं मशीन हातात घेऊन एकीकडे कुणाच्या तरी लग्नातलं 'सप्रेम भेट' कोरत, दुसरीकडे अमेरिकेच्या अध्यक्षाची हजेरी घेत. अध्यक्ष बदलला तरी हजेरी चुकत नसे. ऊठसूट फौजा धाडणाऱ्या पक्षावर त्यांचा विशेष राग होता, पण दुसऱ्या पक्षालाही ते काही जावयाचा मान देत नसत.

मी मुलगी पाहायला गेलो तेव्हा आखातातलं पहिलं युद्ध नुकतंच आटोपलं होतं. माझा पगार, घरदार, भाऊबंद, काही न विचारता त्यांनी पोह्यांची बशी पुढे सरकवली आणि म्हणाले, "पाहुणे, जमीन त्यायची, तेल त्यायचं, अन् अमेरिका तिथं काऊन गेलती? तुमाले काय वाटते?" मी कसंबसं म्हणालो, "मला त्यातलं फारसं कळत नाही." सासरे उठून आत गेले आणि बाहेर ऐकू येईल अशा आवाजात सासूबाईंना म्हणाले, "पोरगा येडा हाय, पण खोटं बोलत नाई. देऊन टाकू."

दुकानात वरच्या फळीवर त्यांचं परराष्ट्र खातं होतं. वाहतुकीत चेपलेली, गळकी, बुडाला चीर गेलेली भांडी ते मोडीत काढत नसत. त्यांच्यावर सुबक अक्षरांत मजकूर कोरून ती फळीवर मांडत. एका बिनकानाच्या कढईवर 'जगाचे न ऐकणाऱ्या अध्यक्षांस सप्रेम भेट' असं होतं. एक हंडा इतका गळका होता की त्यात पाणी क्षणभर ठरत नसे. तो त्यांनी तिकडच्या शांततेच्या करारांना बहाल केला होता. गावचा एक इंजिनियर मुलगा सुट्टीवर आला, तेव्हा त्याने तिकडच्या दवाखान्याच्या बिलाची हकिकत सांगितली. विमा नसला तर मोडलेला हात माणूस तसाच घेऊन फिरतो, हे ऐकून सासऱ्यांनी मशीन खाली ठेवलं. "अध्यक्षाले सांगजो, सेवाग्रामच्या दवाखान्यात माणसं पाठव म्हनाव. चिठ्ठी फाडू, पलस्तर करून देऊ. एवढा मोठा देश अन् हात मोडायचं भेव!"

मग तिकडची ती गाजलेली निवडणूक आली. मतपत्रिकेला भोक पाडून मत द्यायचं, काही भोकं नीट पडलीच नव्हती, आणि पुन्हा मोजावं की नाही यावर कोर्टकचेऱ्या झाल्या. शेवटी मोजणी थांबली तेव्हा सासऱ्यांनी पेपरची घडी मांडीवर आपटली. "अरे, मोजायले काऊन भेता? जिंकला असशीन तं मोजल्यावरही जिंकशीनच ना!" त्याच दुपारी फळीवर एक फाटकी चाळणी चढली, 'अमेरिकेच्या मतमोजणीस सप्रेम भेट'. आसपासच्या गावांतून लोक ती चाळणी बघायला येत आणि एखादा पेला तरी घेऊन जात.

पुढच्या उन्हाळ्यात गावची ग्रामपंचायत लागली. सरपंचपद बाईसाठी राखीव होतं आणि सासूबाई उभ्या राहिल्या. निवडून आल्या की सरपंच त्याच, हे ठरल्यासारखंच होतं. वरच्या वस्तीत नळ न्यायचा त्यांनी ध्यास घेतला होता. सासरे तो महिनाभर अमेरिकेला विसरले आणि घरोघर फिरले. मोजणीला तालुक्याच्या गावी मीही गेलो होतो. सासूबाई तीन मतांनी जिंकल्या. निकाल कागदावर चढायच्या आतच आमच्या लोकांनी गुलाल उधळला, सासऱ्यांच्या पांढऱ्या मिशा गुलाबी झाल्या. तेवढ्यात हरलेल्या बाई पुढे आल्या आणि म्हणाल्या, "साहेब, पुन्हा मोजा."

आमची माणसं खवळली. मोजणीचे साहेबही कंटाळले होते. ते म्हणाले, "जिंकलेल्यांची हरकत नसेल तर मोजतो, नाही तर राहू द्या." सगळे सासऱ्यांकडे पाहू लागले. त्यांनी उपरण्याने तोंड पुसलं, एकदा माझ्याकडे पाहिलं, आणि मग सासूबाईंना म्हणाले, "सीट तुही हाय. मी कोन सांगनार? तू सांग."

सासूबाईंनी पदर सावरला. "मोजा साहेब. नाई तं उद्या सकाळी हे अमेरिकेले कोन्या तोंडानं बोलतीन?"

मोजलं. समोरच्या बाईंची दोन मतं चुकून आमच्या गठ्ठ्यात आली होती. ती काढून त्यांच्या गठ्ठ्यात घातल्यावर सासूबाई एका मताने पडल्या. परतताना जीप वरच्या वस्तीपाशी आली तेव्हा सासूबाई थोड्या रडल्या, आणि सासरे त्यांच्या शेजारी गुलाबी मिशांनी ताठ बसून राहिले. मला त्या दोघांचा इतका अभिमान वाटला की मी खिडकीबाहेर तोंड केलं.

दुसऱ्या दिवशी दुकान वेळेवर उघडलं. त्यांनी फळीवरचं नव्हे, विक्रीतलं सगळ्यांत चांगलं पाण्याचं पितळी गुंड काढलं आणि बराच वेळ कोरत बसले. 'जिंकूनही मोजा म्हणणाऱ्या बाईस सप्रेम भेट, एक मतदार.' ते घरात सासूबाईंच्या हाती देऊन आले आणि पेपर उघडून म्हणाले, "हं, काय म्हनते आपला अमेरिका?" आवाज पूर्वीपेक्षा चढा होता, आणि ओट्यावर कुणीही हसलं नाही.

नळ वरच्या वस्तीत आला, समोरच्या बाईंनीच आणला. सासूबाई त्यांच्यासोबत तालुक्याच्या कचेरीत चकरा मारायच्या. पुढे अमेरिकेने शस्त्रं शोधायला इराकवर चढाई केली, तेव्हा 'सापडल्यास यात ठेवावीत' असा एक डबा फळीवर गेला. तो रिकामाच राहिला. मग एका हिवाळ्यात सासरे गेले, आणि दुकान मुलाने मोबाइलवाल्याला भाड्याने दिलं. चाळणी मी मागून आणली.

त्यानंतर तिकडे पुन्हा निवडणूक झाली, तेव्हा मी योगायोगाने सासुरवाडीला होतो. टीव्हीवर निकाल चालला होता. सासूबाई कधी बातम्या बघत नाहीत, पण त्या दिवशी बसल्या होत्या. त्यांनी त्या पितळी गुंडातून मला पाणी ओतून दिलं आणि पडद्याकडे बघत विचारलं, "जवाईबापू, नीट मोजून राह्यले ना ते?"

"हो," मी म्हणालो.

"पाहा बरं. नाई तं त्यायले वरतं चैन पडनार नाई."