लेथचा उजवा पाय

टेम्पोतून अवजड मशीन उतरलं की ते जागेवर नेऊन बसवणारे मुकादम आधी त्यावर तळहात ठेवायचे, म्हशीला थोपटावं तसं दोनदा थोपटायचे आणि आम्हालाच म्हणायचे, "बसा. च्या घ्या. तिला जरा गाव बघू द्या."

मशीन त्यांच्या लेखी कायम 'ती' होती. पंप, प्रेस, पिठाची गिरणी, सगळ्या तीच. राजुरीहून सायकलवर यायचे. अंगाने काटकुळे. खिशात गाठी मारलेली सुतळी, पाठोपाठ चार गडी, पहारी आणि लोखंडी पाइपांचे रूळ. जिथून शेळी जाणार नाही तिथून त्यांनी मशिनी आत नेल्या होत्या, आणि वीस वर्षांत एकही भिंत फोडली नव्हती. याचा त्यांना फार अभिमान. "भिंत फोडून कुणीबी नेईल, मंग मला कशाला बोलावता?" असं ते पहिल्या भेटीतच ऐकवून ठेवायचे.

मुलांनो, नव्वदच्या दशकात तुमच्या आजोबांनी वारूळवाडीत आपल्या घरामागे वर्कशॉप बांधलं. दार एकच, चार फुटी. समोर सात फुटांचा बोळ. एवढं झाल्यावर त्यांनी पुण्याहून जुनं लेथ विकत घेतलं, साडेआठ फूट लांब. लेथ म्हणजे लोखंड फिरवून कातायचं यंत्र. त्याच्या एका टोकाला गिअरचं जड डोकं असतं, दुसऱ्या टोकाला हलकी शेपटी.

मी आलेखाच्या कागदावर बोळ, दार आणि वर्कशॉप प्रमाणात काढलं. पुठ्ठ्याचं लेथ कापलं आणि ते सरकवून पाहिलं. दर वेळी सुरेख आत गेलं. मी तो कागद मुकादमांना दाखवला. त्यांनी तो आदराने दोन्ही हातांत धरला, नीट पाहिला आणि परत दिला.

"लई झ्याक काढलंय, वहिनी. पण पुठ्ठा वाकतोय."

मग सुतळीने दार मोजून म्हणाले, "जड डोकं आधी घालायचं. शेपटी हलकी, ती मागनं कशीबी वळंल."

इथे तुमच्या पणजी, म्हणजे माझ्या सासूबाई, औक्षणाचं तबक घेऊन पुढे झाल्या. घरात येणारी लक्ष्मी उजवा पाय आधी टाकूनच येणार, असं त्यांनी जाहीर केलं. लेथचा उजवा पाय कुठला? सासूबाई लेथसमोर कारागीर उभा राहतो तिथे जाऊन उभ्या राहिल्या. त्यांच्या उजव्या हाताला आली शेपटी. ठरलं, शेपटी आधी.

मुकादम बौद्ध. असल्या गोष्टी मानत नसत. जड डोकं मागे राहिलं तर ते बोळात वळणार नाही, एवढं त्यांनी एकदा सांगून पाहिलं. सासूबाईंनी ऐकलं नाही. तेव्हा म्हणाले, "मला पायाचं काय न्हाई, आई. पण मशीन तुमची, तर पायबी तुमचाच."

सासूबाई स्वागताला वर्कशॉपमध्ये जाऊन उभ्या राहिल्या. दहाच्या सुमारास शेपटी उंबऱ्यातून आत गेली आणि डोकं समोरच्या भिंतीला टेकलं. पुढे जाईना. दार गच्च भरलं, आणि तुमच्या पणजी तबकासकट आत राहिल्या.

लेथ कमरेएवढं उंच होतं. स्टूल लावलं तर त्या सहज पलीकडे आल्या असत्या. पण लक्ष्मीला ओलांडायचं नाही. त्यांनीही नाही आणि आमच्यापैकी कुणीही नाही. मग लेथ मागे घ्या, म्हटलं. तर उंबऱ्यापर्यंत आलेली लक्ष्मी परत फिरवायची नाही.

"मग तुम्ही आतच राहणार का?" आजोबांनी खिडकीतून विचारलं.

"राहीन," सासूबाई म्हणाल्या.

मी गजांतून पोहे दिले, पाणी दिलं, रक्तदाबाची गोळी दिली. आत एक बादली होती, एवढंच सांगते. त्या दिवसाबद्दल आणखी लिहिणं मला बरं वाटत नाही.

तीन वाजता आजोबा घण घेऊन आले. दाराकडची भिंत त्यांचीच, गिलावा महिन्याभराचा. ते दारापाशी येताच मुकादम त्यांच्या आणि भिंतीच्या मध्ये मांडी घालून बसले.

"भाऊ, तुमची भिंत तुमी फोडा. पण उद्यापास्नं मी पहार हातात धरनार न्हाई."

आजोबांनी घण खाली ठेवला. आत आई, बाहेर हा माणूस. त्यांचा चेहरा बघवत नव्हता.

ते मात्र बसल्या बसल्या विड्या ओढत लेथकडे बघत होते. मग उठून खिडकीशी आले. सासूबाईंना खिडकीकडे तोंड करायला लावलं, मला बाहेरून त्यांच्यासमोर उभं केलं आणि दोघींना उजवा हात वर करायला सांगितला. आम्ही केला. माझा उजवा हात त्यांच्या डाव्या हातासमोर आला.

"बघा आई. समोरासमोर उभं राह्यलं की उजवं डाव्याफुडं येतंय. मशीनचं तोंड कारागिराकडं. मंग तिचा उजवा पाय त्येच्या डाव्या अंगाला. म्हंजे डोक्याकडचा. सकाळपास्नं आपुन तिला डाव्या पायानं आत घालतोय."

सासूबाईंनी हात तसाच वर धरून एकदा माझ्या हाताकडे पाहिलं, एकदा लेथकडे. मग चेहरा उतरला.

"मग आधी का नाही सांगितलंत?"

"तुमी इचारलं न्हाई, आई. तुमी सांगितलं."

डाव्या पायाने आलेली लक्ष्मी परत पाठवायला त्यांची हरकत नव्हती. लेथ बोळाच्या तोंडापर्यंत मागे गेलं, तिथे फिरलं आणि डोकं पुढे करून पाऊण तासात आत आलं. चौकटीवर ओरखडा नाही. सासूबाईंनी विझलेली निरांजनं पुन्हा पेटवून ओवाळलं. पेढा मात्र लेथच्या आधी मुकादमांच्या हातावर ठेवला.

मी नंतर हळूच विचारलं, मशीनला खरंच तोंड असतं का?

"वहिनी, मला तर तिला पायबी दिसत न्हाईत," ते म्हणाले.

आता ते नाहीत. शेवटचे आले ते लेथ घोडेगावच्या एकाला विकलं तेव्हा. सासूबाईंना जाऊन तीन वर्षं झाली होती. मुकादमांची अर्धांगवायूने उजवी बाजू गेली होती. मशीन काढायला त्यांची माणसं आली होती. ते स्वतः नुसते बघायला, रिक्षाने. काठी टेकत दारापाशी आले आणि थांबले. उजवा पाय उचलला जात नव्हता.

"डावा टाका आधी," मी म्हटलं. "कोण बघतंय?"

त्यांनी आत डोकावलं. सासूबाईंच्या दहाव्याला ते आले होते, जेवून गेले होते.

"आई आत हैत?"

माझ्या तोंडून निघालं, "आहेत."

"मंग उजवाच."

त्यांनी काठी माझ्या हातात दिली. चौकटीला खांदा टेकवला. वाकून डाव्या हाताने पायजम्याचा गुडघा धरला, तो मेलेला पाय उचलला आणि उंबऱ्याच्या आत ठेवला. मग त्याला दोनदा थोपटलं आणि त्याचं तिथे नीट बस्तान बसेपर्यंत वाट बघत उभे राहिले.